चॅटवरचा अनोळखी माणूस: पहिलं मत पाटीवर लिहा, दगडावर नको

हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका ऑनलाइन ग्रुपचं काम मी काही वर्षं पाहतो. नवा माणूस आला की त्याच्याशी चार वाक्यं बोलायची आणि तो टिकेल की पळेल, मदत करेल की भांडणं लावेल, याचा अंदाज बांधायचा, हे त्यातलंच एक काम. त्यात मी दोनदा सपशेल आपटलो आहे.

पहिल्या वेळी एक गृहस्थ आले. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एका शब्दाचं. 'हो.' 'नाही.' 'पाहिलं.' पुढे पूर्णविराम, दार आपटल्यासारखा. मी त्यांना आढ्यतेखोर ठरवून मोकळा झालो. महिन्याभरानं कळलं की त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि ते डाव्या अंगठ्यानं एकेक अक्षर हुडकत होते.

दुसरा त्याच्या उलट. बोलायला गोड, कायम हजर, माझ्या प्रत्येक मुद्द्याला दाद देणारा. तीन महिने आम्ही जवळपास रोज बोलत होतो. एक दिवस ग्रुपमधल्या कुणीतरी सहज विचारलं, 'तो करतो काय रे?' मला सांगता येईना. जुन्या गप्पा वर सरकवत गेलो तर त्याच्या बाजूला 'अगदी!', 'हेच म्हणणार होतो', 'तुम्हीच सांगा' यापलीकडे फारसं काही नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता. तो मुळात काही बोललाच नव्हता. त्याचं जे चित्र माझ्या डोक्यात होतं ते पूर्णपणे मी रंगवलेलं होतं.

दोन्ही वेळा घोळ एकाच जागी झाला. चॅटमध्ये माणूस थोडाच येतो, उरलेला आपण भरतो. हे भरणं इतक्या चटकन होतं की भरलेलंही आपण वाचलेलंच समजतो. ते सावकाश कसं करायचं, याची माझी पद्धत पुढे मांडतो.

मन एवढी घाई का करतं

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा १९४६ सालचा एक प्रयोग चॅट वापरणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. एका काल्पनिक माणसाचं वर्णन त्यानं सहा विशेषणांत केलं: हुशार, मेहनती, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हीच यादी उलट्या क्रमानं वाचून दाखवली. शब्द तेच, पण 'हुशार' आधी ऐकणाऱ्यांचं मत 'मत्सरी' आधी ऐकणाऱ्यांपेक्षा बरंच चांगलं झालं. पहिल्या शब्दानं पुढच्या शब्दांचा अर्थ आपल्या बाजूला ओढून घेतला. हुशार माणसाचा हट्ट म्हणजे ठामपणा, मत्सरी माणसाचा हट्ट म्हणजे आडमुठेपणा.

चॅटमध्ये समोरच्याचा पहिला मेसेज हे ते पहिलं विशेषण असतं. चेहरा दिसत असताना तर याहून घाई होते. २००६ साली जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी दाखवलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी लोक तो विश्वासू वाटतो की नाही हे ठरवतात, आणि जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, खात्री तेवढी वाढते. चॅटवर चेहरा नसतो म्हणून मन थांबेल, असं कुणाला वाटेल. ते थांबत नाही. जे हाती लागेल त्यावर काम चालवतं: नाव, फोटो, टायपिंगच्या चुका, एखादा इमोजी.

पायरी १: मत कशासाठी हवंय ते आधी ठरवा

हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक जण तेच टाळतात. दहा मिनिटं गप्पा मारायच्या असतील तर माणूस जरासा चुकीचा कळला तरी बिघडत नाही. सोबत काम करायचं असेल, प्रत्यक्ष भेटायचं असेल, स्वतःची खासगी माहिती द्यायची असेल किंवा पैशांचा संबंध येणार असेल, तर तेवढ्याच मजकुरावर भागत नाही. म्हणून 'हा माणूस कसा आहे?' असं विचारू नका. 'या माणसासोबत मी पुढचं कुठलं पाऊल टाकणार आहे आणि तेवढ्यापुरतं मला काय कळायला हवं?' असं विचारा.

पायरी २: लिहिलेलं आणि भरलेलं वेगळं करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एक कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे समोरच्यानं शब्दशः काय लिहिलं ते. उजवीकडे त्यावरून तुम्हाला काय वाटलं ते. समजा मेसेज आहे, 'बघतो. उद्या सांगतो.' डावीकडे एवढंच येईल की तो बघणार आहे आणि उद्या सांगणार आहे. उजवीकडे मात्र रांग लागते: टाळतोय, रस नाही, मघाशी मी जे बोललो ते लागलं असावं, स्वभावच तुटक आहे. रेघ मारेपर्यंत या चारही गोष्टी तुमच्या डोक्यात 'त्यानं सांगितलेल्या' असतात.

पहिल्या काही दिवसांत हे खरंच कागदावर करा. नंतर सवयीनं मनातल्या मनात जमतं. उजवा रकाना रिकामा ठेवायचा खटाटोप करू नका, ते कुणालाच जमत नाही. तो उजवा आहे एवढं लक्षात राहिलं की पुरे.

यालाच जोडून एक युक्ती. खटकलेला मेसेज तीन वेगवेगळ्या आवाजांत मोठ्यानं वाचा: दमलेल्या माणसाच्या, थट्टा करणाऱ्याच्या आणि घाईत असलेल्याच्या. वाचताना आपण समोरच्याला एक आवाज देतो, आणि तो बहुधा त्या क्षणीच्या आपल्याच मूडचा असतो. २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी ई-मेलवर उपरोध कितपत कळतो हे तपासलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की आपला सूर वाचणाऱ्यांना सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा कळला, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा. वाचणाऱ्यांनाही आपण बरोबर ओळखलं याची खात्री होतीच. तेव्हा 'सुरावरून कळतंच की' हे वाक्य चॅटच्या बाबतीत तरी मागे घ्यायला हवं.

पायरी ३: कुठल्या खुणेला किती भाव द्यायचा

चॅटवर खुणांचा तुटवडा असल्यामुळे क्षुल्लक खुणांचे भाव आभाळाला भिडतात. आधी स्वस्त खुणा घेऊ.

उत्तराला लागलेला वेळ. मेसेज वाचल्याच्या निळ्या टिक्स आल्या, समोरचा टाइप करत असल्याचे तीन ठिपके नाचले, थांबले, परत नाचले, आणि काहीच आलं नाही. यावरून माणसाच्या मनाचा थांग लावणं म्हणजे बंद दाराबाहेर उभं राहून आत काय शिजतंय ते सांगणं. मेसेज उघडला एवढंच त्या निळ्या टिक्सना माहीत असतं. दारात कुणी आलं, बॅटरी संपली, शब्द सुचले नाहीत, यातलं काहीही झालेलं असू शकतं.

पूर्णविराम. याची गंमत आहे. २०१५ साली बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या अभ्यासात असं दिसलं की एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर टेक्स्ट मेसेजमध्ये ते कमी मनापासूनचं वाटतं. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर हा फरक पडत नाही. म्हणजे टिंबाचा अर्थ टिंबात नसतो, माध्यमाच्या रिवाजात असतो, आणि समोरच्याला तो रिवाज ठाऊक असेलच असं नाही. शाळेत विरामचिन्हांवर गुण कापले गेलेली माणसं मरेपर्यंत पूर्णविराम देतात. मीही देतो.

शुद्धलेखन. फोन स्वतःच शब्द बदलतो, कुणी बोलून टाइप करतं, कुणाची ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते. ऱ्हस्व-दीर्घावरून बुद्धी मोजू नका.

इमोजी. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी सुचवलं की अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस एकापुढे एक टाकून विनोदाची खूण करावी, कारण नुसत्या मजकुरातली थट्टा लोक खरी मानून वाद घालत होते. खूण आली, गैरसमज काही गेले नाहीत. एकाच इमोजीचं चित्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर वेगळं दिसतं. २०१६ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की एकच चित्र पाहूनही लोकांचं त्याच्या भावाबद्दल एकमत होत नाही, काही वेळा ते आनंदाचं की त्रासाचं इथपासूनच मतभेद असतात.

प्रोफाइलचा फोटो सर्वांत स्वस्त. तो निवडलेला असतो, जुना असू शकतो, दुसऱ्याचाही असू शकतो. आणि 'तू' की 'तुम्ही'? पहिल्याच वाक्यात 'तू' आलं की काहींच्या कपाळावर आठी पडते. वय, सवय आणि आधी वावरलेल्या ग्रुपची पद्धत यांचा त्यात इतका वाटा असतो की त्यावरून उद्धटपणा ठरवायला मी कचरतो. 'मला तुम्ही म्हणाल का?' असं सांगून पाहावं. त्यावर काय उत्तर येतं ते मात्र कामाचं.

आता महागड्या खुणा. तुम्ही मघाशी सांगितलेली गोष्ट तो पुढे धरून ठेवतो का? प्रश्न विचारतो का, आणि उत्तर ऐकून त्याचा पुढचा प्रश्न बदलतो का? हजर नसलेल्या माणसाबद्दल कसं बोलतो? चूक दाखवली तर 'अरे हो, चुकलं' म्हणतो की विषय फिरवतो? ग्रुपमधल्या नवख्याला कसं उत्तर देतो? यातली एकही गोष्ट एका मेसेजात दिसत नाही. दिसायला वीस-पंचवीस लागतात. म्हणूनच त्यांना भाव द्यायचा.

पायरी ४: विशेषणं मागू नका, प्रसंग मागा

'मी फार सरळ माणूस आहे' हे वाक्य सरळ आणि वाकडी माणसं सारख्याच सहजतेनं लिहितात. त्यामुळे 'तुमचा स्वभाव कसा?' या प्रश्नातून काही निघत नाही. आमच्या ग्रुपात नवीन आलेल्याला मी विचारतो, 'दुर्बीण पहिल्यांदा लावली त्या रात्री काय दिसलं नाही?' दुर्बीण खरंच लावलेला माणूस लगेच सुरू होतो: तिपाई हलत होती, भिंगावर दव जमलं, शनी समजून भलताच तारा अर्धा तास पाहत बसलो. नुसतं वाचलेला माणूस शनीच्या कड्यांचं सुंदर वर्णन करतो.

कुठल्याही विषयाला असा प्रश्न बेतता येतो. काय जमलं नाही, कुठे अडलं, कुणाशी वाद झाला, मग काय केलं. उत्तरातल्या बारीकसारीक, जरा ओबडधोबड तपशिलांकडे लक्ष ठेवा. हल्ली असे तपशील यंत्राकडूनही लिहून घेता येतात, त्यामुळे एका उत्तरावर थांबू नका. दोन-तीन दिवसांनी त्याच प्रसंगाचं दुसरं टोक विचारा.

विचारताना स्वतःचंही थोडं सांगा. नुसते प्रश्न येत राहिले की समोरच्याला चौकशीला बसवल्यासारखं वाटतं आणि तो आखडतो. मग त्या आखडण्यालाही तुम्ही त्याचा स्वभाव म्हणून नोंदवाल.

पायरी ५: एकदा लहानसा नकार देऊन पाहा

मला एकच कसोटी ठेवायची असती तर मी ही ठेवली असती. सगळं सुरळीत चाललेलं असताना माणूस कळत नाही. त्याला हवी असलेली एखादी छोटी गोष्ट मिळाली नाही की कळतो. 'आज नको, उद्या बोलू.' 'फोन नंबर सध्या देत नाही.' 'या विषयावर मला बोलायचं नाही.' एवढं साधं, कारण न देता, सभ्य शब्दांत लिहा. नाटक करायची गरज नाही. असे नकार मनात येतातच, आपण भिडेपोटी ते गिळतो. ते गिळू नका, एवढंच.

मग बघा. 'बरं, उद्या' आलं तर उत्तम. थोडा हिरमोड झाल्याचं दिसलं आणि तरी विषय सुटला, तर तेही चांगलंच. पण 'माझ्यावर एवढाही विश्वास नाही?', 'मी तर तुला सगळं सांगितलं', 'बाकी सगळे देतात', असा सूर लागला, किंवा गोड बोलून तीच मागणी तासाभरात परत आली, तर डाव्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहून ठेवा. हे तुम्ही भरलेलं नाही.

पायरी ६: वेगवेगळ्या वेळी तीनदा बोला

कुणी वाहन आडवं घातलं तर तो बेदरकार, आणि आपण घातलं तर आपल्याला उशीर झालेला. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण स्वभावात आणि स्वतःच्या वागण्याचं परिस्थितीत शोधायच्या या खोडीच्या पहिल्या अर्ध्या भागाला ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं. चॅटवर ती बळावते, कारण समोरच्याची परिस्थिती दिसतच नाही. प्लास्टर मला दिसलं असतं तर मी एका क्षणात समजून घेतलं असतं.

उपाय साधा आहे. एक गप्पा संध्याकाळी, एक कामाच्या दिवशी, एक सुट्टीत. शक्यतो एकदा ग्रुपमध्ये चारचौघांत आणि एकदा दोघांतच. तिन्ही वेळा जे सारखं आलं ते स्वभावाच्या आसपासचं. एकदाच आलं ते त्या दिवसाचं. जोसेफ वॉल्थर यांनी १९९२ साली मांडलं की मजकुरावरूनही माणसं एकमेकांना नीट ओळखू शकतात, फक्त समोरासमोरच्यापेक्षा वेळ जास्त लागतो. हा जास्तीचा वेळ द्यायचा कंटाळा हेच निम्म्या गैरसमजांचं मूळ आहे असं माझं मत आहे.

पायरी ७: फार आवडलं असेल तर जास्त जपून

वाईट मत झालं की आपण निदान अंतर ठेवतो. चांगल्या मतात आपण आंधळे होतो, म्हणून धोका तिकडे जास्त. वॉल्थर यांनीच १९९६ साली याची उकल केली: लिहिणारा स्वतःची हवी तीच बाजू दाखवतो, विचार करून वाक्य घडवतो, वाचणारा मधल्या जागा चांगुलपणानं भरतो, आणि त्याच्या त्या कौतुकाला जागून लिहिणारा आणखी तसाच होत जातो. त्यामुळे चॅटवरची ओळख कधीकधी समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही जवळची वाटू लागते. माझ्या 'अगदी!'वाल्या मित्राचं हेच झालं. तो आरसा होता आणि मला त्यात दिसणारा चेहरा आवडत होता.

तेव्हा कुणी फारच आवडू लागलं की तीन गोष्टी मोजा. त्यानं माझ्याशी असहमती किती वेळा दाखवली? त्याच्याबद्दल मला असं काय माहीत आहे जे त्याच्याखेरीज दुसरीकडूनही कळू शकतं? आणि घाई कुणाला आहे? दुसऱ्या प्रश्नामागे एक साधं तत्त्व आहे. माणूस जे स्वतः हवं तसं लिहू शकतो त्यापेक्षा जे त्याला सहज बदलता येत नाही त्याला किंमत जास्त: दुसऱ्यांनी त्याच्याबद्दल लिहिलेलं, जुनं सार्वजनिक काम, सामाईक ओळखीचा माणूस. प्रोफाइल फोटो उलट्या शोधात टाकून, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे हे शोधून, पाहायला अर्धा मिनिट लागतो. व्हिडिओ कॉलवर दिसलेला चेहराही आता बनवता येतो, म्हणून त्या एकट्यावर विसंबू नका.

'मला माणसं बरोबर कळतात' असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले, आणि त्यातल्या बहुतेक प्रयोगांत माणूस बोलताना दिसत किंवा ऐकू येत होता.

लगेच दुसऱ्या ॲपवर चला, हे कुणाला सांगू नका, ही लिंक उघडा, थोडी आर्थिक अडचण आहे, गुंतवणुकीची एक संधी आहे: यातलं काहीही आलं की मत-बित बाजूला ठेवून थांबायचं. 'चुकून तुम्हाला मेसेज आला, माफ करा' अशी सुरुवात करून महिनाभर मैत्री वाढवणारे आणि मग गुंतवणुकीवर येणारे ठग जगभर आहेत. ते तुमच्या पहिल्या मतावरच पोट भरतात.

समोर माणूसच आहे ना?

संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'एलिझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचं वाक्य फिरवून प्रश्न करायचा, एवढंच त्याला येत होतं. तरी त्यांच्या सेक्रेटरीनं काही वाक्यांनंतर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण तिला एलिझाशी खासगी बोलायचं होतं. प्रोग्रॅम बनताना तिनं महिनोन्महिने पाहिला होता. आजची यंत्रं त्याच्या कित्येक पट पुढे आहेत, आणि नुसत्या भाषेवरून ती ओळखण्याची खात्रीची युक्ती माझ्याकडे नाही. सरळ विचारावं, आणि महत्त्वाचा निर्णय चॅटबाहेरच्या ओळखीशिवाय घेऊ नये.

तुमचाही उजवा रकाना कुणीतरी भरतंय

हे सगळं समोरचाही तुमच्याबाबत करत असतो, बहुधा कागदाशिवाय. त्याचं काम सोपं करा. पहिल्या मेसेजात तीन गोष्टी पुरतात: मी कोण, इथे कशासाठी आलो, आणि उत्तर देता येईल असा एक प्रश्न. नुसतं 'हाय' पाठवून वाट पाहू नका, त्यात भरायला जागा फार राहते. पहिल्या काही दिवसांत उपरोध टाळा, ५६ टक्क्यांचं आठवून. उशीर होणार असेल तर 'संध्याकाळी सविस्तर लिहितो' एवढं टाका. हात दुखत असेल, भाषा परकी असेल, बोलून टाइप करत असाल, तर तसं एकदा सांगून टाका.

आणि तुमचं मत चुकलं असं कळलं, तर ते मनातल्या मनात पुसून भागत नाही. त्या मतापायी तुम्ही वागलेले असता: कुणाला उत्तर दिलं नाही, कुणाबद्दल तिसऱ्याशी बोललात. त्या तिसऱ्याकडे जाऊन दुरुस्ती करा. ज्याच्याबद्दल चुकलात त्यालाही, लांबण न लावता, एका ओळीत सांगा.

मी त्या प्लास्टरवाल्या गृहस्थांना लिहिलं, 'तुम्हाला मी उगाच आढ्यतेखोर समजत होतो. माफ करा.' तोवर त्यांचा हात बरा होऊन दोन आठवडे झाले होते. उत्तर आलं, 'ठीक.' पूर्णविरामासकट.